डाल्टनच्या जळालेल्या वह्या आणि अणुसिद्धांताची तारीख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेत जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचा अणुसिद्धांत शिकवताना एका पुस्तकात १८०३ हे साल सापडतं, दुसऱ्यात १८०८. एक लेखक म्हणतो की ही कल्पना त्याला दलदलीतल्या वायूवरून सुचली, दुसरा म्हणतो हवेच्या अभ्यासातून. खरं काय धरायचं, आणि त्याचे मूळ कागद आज कुठे पाहायला मिळतील?

आधी सरळ उत्तर. १८०३ हे विचाराचं साल, १८०८ हे त्याच्या पुस्तकाचं. दलदलीतल्या वायूची गोष्ट खरी आहे, पण ती नंतरची. आणि मूळ कागद बहुतांशी जळून गेले. डिसेंबर १९४० मध्ये मँचेस्टरवर जर्मन बाँब पडले, त्यात ते गेले. तरीसुद्धा डाल्टनने अणूंची वजनं पहिल्यांदा कोणत्या दिवशी मांडली हे आपण तारखेनिशी सांगू शकतो. ते कसं, हे सांगण्यासाठी थोडं लांबण लावावं लागेल. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि त्यातली शेवटची वर्षं रसायनशास्त्राचा इतिहास शिकवण्यात. त्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मला हाच प्रश्न विचारला गेला.

डाल्टन रसायनशास्त्राकडे प्रयोगशाळेतून आला नाही, पावसाच्या नोंदींतून आला. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं. जन्म १७६६ चा, इंग्लंडच्या वायव्येला कंबरलँडमधल्या ईगल्सफील्ड नावाच्या खेड्यात. वडील विणकर, घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. इंग्लंडच्या राजपंथाबाहेरच्या लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, त्यामुळे विद्यापीठाचा रस्ता बंदच होता. बाराव्या वर्षी हा मुलगा गावातल्या शाळेत स्वतःच शिकवायला लागला. पंधराव्या वर्षी केंडलला गेला आणि भावाबरोबर तिथल्या क्वेकर शाळेत शिकवू लागला.

केंडलमध्ये त्याला जॉन गॉफ भेटला. गॉफ लहानपणी देवीच्या साथीत अंध झालेला, पण गणित, लॅटिन, ग्रीक, वनस्पतिशास्त्र सगळ्यांत जाणकार. त्याने डाल्टनला शिकवलं आणि एक सवय लावली: हवामानाची रोजनिशी ठेवायची. २४ मार्च १७८७ रोजी डाल्टनने पहिली नोंद केली. तापमान, वायुभार, पाऊस, वारा. पुढची ५७ वर्षं हे काम सुटलं नाही. सगळ्या नोंदी मोजल्या तर दोन लाखांच्या घरात जातात असं त्याचे चरित्रकार सांगतात. शेवटची नोंद २६ जुलै १८४४ च्या रात्रीची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

१७९३ मध्ये तो मँचेस्टरला आला, तिथल्या न्यू कॉलेजात गणित आणि निसर्गविज्ञान शिकवायला. त्याच वर्षी हवामानावरचं त्याचं पहिलं पुस्तक निघालं. सात वर्षांनी नोकरी सोडली आणि खाजगी शिकवण्यांवर राहू लागला. मँचेस्टर लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटी ही संस्था हेच त्याचं दुसरं घर. जॉर्ज स्ट्रीटवरच्या तिच्या इमारतीत त्याची प्रयोगशाळा होती, तिथेच तो शिकवण्याही घेई. तिथेच त्याने एकामागून एक निबंध वाचले, १८०० पासून चिटणीस म्हणून काम पाहिलं आणि १८१७ पासून मरेपर्यंत अध्यक्षपद सांभाळलं. त्याच्या मागे त्याच्या वह्याही तिथेच राहिल्या. पुढे हेच त्या वह्यांच्या मुळावर आलं.

आता मूळ मुद्दा. पाऊस मोजणाऱ्या माणसाला हवेतल्या वाफेचा विचार करावाच लागतो. वाफ हवेत राहते कशी? रासायनिक रीतीने हवेत विरघळते की नुसती मिसळते? आणि त्याहून मोठा प्रश्न: ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड आहे, मग तो खाली का बसत नाही? डोंगरावरून आणलेल्या हवेतही आणि दरीतल्या हवेतही दोन्हींचं प्रमाण सारखंच कसं? १८०१ मध्ये डाल्टनने याचं उत्तर दिलं: एका वायूचे कण फक्त आपल्याच जातीच्या कणांना दूर लोटतात, दुसऱ्या जातीच्या कणांशी त्यांचं देणंघेणं नसतं. म्हणून प्रत्येक वायू जणू एकटाच असल्यासारखा सगळी जागा व्यापतो. अकरावी-बारावीत आपण शिकवतो तो आंशिक दाबाचा नियम तो हाच. नियम टिकला. कारण म्हणून त्याने जे सांगितलं ते टिकलं नाही, पण त्या कारणामुळेच तो वायूंना ‘कणांचे ढीग’ म्हणून पाहायला लागला होता.

मग पाण्यात वायू विरघळण्याचा प्रश्न आला. त्याचा मित्र विल्यम हेन्री त्याच सुमारास हे प्रयोग करत होता. दाबाच्या प्रमाणात वायू विरघळतो हा हेन्रीचा नियम १८०३ चा. पण पाणी प्रत्येक वायू सारख्याच आकारमानाने का घेत नाही? कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळतो, हायड्रोजन अगदी थोडा. डाल्टनने लिहिलं की हे बहुधा कणांच्या वजनावर आणि संख्येवर अवलंबून असावं. हलके आणि एकेरी कण सगळ्यांत कमी शोषले जातात. हे उत्तरही चुकीचं ठरलं. पण पाहा, या चुकीच्या उत्तरासाठी त्याला एक गोष्ट हवी झाली जी तोवर कोणी मोजायचा प्रयत्नच केला नव्हता: वेगवेगळ्या वायूंच्या एकेका कणाचं एकमेकांच्या तुलनेतलं वजन.

६ सप्टेंबर १८०३. डाल्टनची पारंपरिक जन्मतारीखही हीच, म्हणजे तो त्या दिवशी ३७ वर्षांचा झाला असावा. त्या दिवशीच्या पानावर त्याने पदार्थांचे अंतिम कण आणि त्यांचे संयोग यांवरची निरीक्षणं अशा अर्थाचा मथळा घातला आणि खाली तक्ता केला. हायड्रोजन १, ऑक्सिजन ५.६६, अ‍ॅझोट म्हणजे आपला नायट्रोजन ४, कार्बन ४.५, पाणी ६.६६, अमोनिया ५. हे आकडे पाहून मुलं हसतात. ‘ऑक्सिजन १६ हवा ना, सर?’ मी त्यांना आधी तो ५.६६ कुठून आला हे शोधायला लावतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेच्या पृथक्करणानुसार (कशात काय किती हे मोजून) पाण्यात वजनाने १०० भागांपैकी ८५ भाग ऑक्सिजन आणि १५ भाग हायड्रोजन. ८५ ला १५ ने भागा: ५.६६. बस, एवढंच. यात डाल्टनने एक गोष्ट गृहीत धरली आहे, की पाण्याच्या एका कणात ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एकच अणू असतो. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास-एक माना, हा त्याचा साधेपणाचा नियम. अमोनियाचंही तसंच: तेव्हाच्या पृथक्करणात ८० भाग नायट्रोजन आणि २० भाग हायड्रोजन, म्हणून ४. ज्या पृथक्करणांवर तो विसंबला ती कच्ची होती आणि एकास-एक हे गृहीतकही पाण्याच्या बाबतीत चुकलं. पृथक्करण नेमकं असतं तर भागाकार ८ आला असता, आणि हायड्रोजनचे दोन अणू धरले असते तर १६. दोन्ही चुका वेगवेगळ्या करून दाखवता येतात, म्हणून मला हा तक्ता कोणत्याही अचूक तक्त्यापेक्षा शिकवायला मोलाचा वाटतो. स्वतः डाल्टन आकडे बदलत राहिला. १८०५ मध्ये छापताना ऑक्सिजन ५.५, १८०८ च्या पुस्तकात ७.

आता तुम्हाला सापडलेल्या दोन गोष्टींकडे येऊ. खरं तर त्या तीन आहेत, आणि तिन्ही डाल्टनच्याच तोंडून आल्या असं सांगितलं जातं.

पहिली गोष्ट थॉमस थॉमसनची. ग्लासगोच्या या रसायनशास्त्रज्ञाने १८०७ मध्ये, डाल्टनच्याही आधी, अणुसिद्धांत पुस्तकात छापला. त्याने नंतर लिहिलं की डाल्टनला हा विचार दलदलीतला वायू आणि ऑलिफिअंट वायू, आजच्या नावांनी मिथेन आणि एथिलीन, यांच्या पृथक्करणातून सुचला. एकात कार्बनच्या तेवढ्याच वजनाला हायड्रोजन दुप्पट. गुणित प्रमाणाचा नियम (दोन संयुगांत एका मूलद्रव्याच्या ठरावीक वजनाशी दुसऱ्याची वजनं साध्या पटीत असतात) शिकवायला हे उदाहरण इतकं सोयीचं आहे की ते पुस्तकांत घट्ट बसलं. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने काढलेलं भित्तिचित्रही डबक्यातून हा वायू गोळा करणाऱ्या डाल्टनचंच आहे.

दुसरी गोष्ट हेन्री पितापुत्रांची, म्हणजे वर आलेला मित्र विल्यम हेन्री आणि त्याचा मुलगा यांची. त्यांनी डाल्टनशी म्हातारपणी झालेल्या संभाषणांची टिपणं ठेवली. त्यांत तो रिख्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या आम्ल-अल्कलींच्या तक्त्यांना श्रेय देतो.

तिसरी खुद्द डाल्टनची. जानेवारी १८१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानाच्या टिपणात तो सांगतो की वायूंच्या मिश्रणाचा विचार करताना वेगवेगळ्या वायूंच्या कणांचे आकार वेगळे असावेत हे ध्यानात आलं, आणि तिथून पुढे वजनांचा प्रश्न निघाला. यात त्याने साल १८०५ दिलंय.

तिन्ही माणसं प्रामाणिक. मग निवाडा कोण करणार? १८९६ मध्ये हेन्री रॉस्को आणि आर्थर हार्डन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तो केला. हेच हार्डन पुढे १९२९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. सोसायटीच्या इमारतीत डाल्टनच्या प्रयोगवह्या पडून होत्या. त्यांनी त्या उघडल्या, पानन्‌ पान वाचलं आणि त्यांतले महत्त्वाचे उतारे तारखांसह छापले. वह्यांत दिसलं की अणूंच्या वजनांचा तक्ता सप्टेंबर १८०३ चा आहे आणि दलदलीतल्या वायूवरचं काम १८०४ च्या उन्हाळ्यातलं. रिख्टरचं नाव तर त्याच्याही कितीतरी नंतर येतं. थॉमसनची गल्लत कशी झाली असेल हेही त्यातून कळतं. तो डाल्टनला २६ ऑगस्ट १८०४ ला भेटला होता. त्या वेळी डाल्टनच्या टेबलावर जे काम चालू होतं तेच उदाहरण म्हणून त्याने दाखवलं असणार, आणि पाहुण्याने उदाहरणालाच उगम मानलं.

डाल्टनच्या स्वतःच्या आठवणीलाही वहीने खोटं पाडलं. १८०५ मध्ये सुचलेल्या विचारातून १८०३ चा तक्ता निघू शकत नाही. रॉस्को आणि हार्डन यांनी ती सालाची चूक मानली आणि बाकी कहाणी स्वीकारली. नंतरच्या अभ्यासकांनी तेच उतारे पुन्हा ताडून वेगळा क्रम लावला: आधी पाण्यात वायू विरघळण्याचा प्रश्न, त्यासाठी कणांची वजनं, आणि कणांच्या आकाराचा विचार त्यामागून. मलाही हाच क्रम पटतो. सात वर्षांनी व्याख्यान देताना माणूस आपल्या विचाराची वाट सरळ करून सांगतो. ज्या दिवशी तो चाचपडत होता त्या दिवशीची वहीच काय ते सांगू शकते.

छापील निबंधांच्या बाबतीतही सावध राहा. ही चूक मी स्वतः बरीच वर्षं वर्गात केली आहे. डाल्टनचा हवेतल्या वायूंच्या प्रमाणावरचा निबंध १२ नोव्हेंबर १८०२ रोजी वाचला गेला. त्यात नायट्रिक ऑक्साइडचा प्रसिद्ध प्रयोग आहे: १०० माप हवेतल्या ऑक्सिजनशी अरुंद नळीत ३६ माप नायट्रिक ऑक्साइड संयोग पावतो, रुंद भांड्यात ७२ माप. एकतर एवढा नाहीतर दुप्पट, मधलं प्रमाण नाही. म्हणजे गुणित प्रमाण १८०२ मध्येच हाती आलं होतं असं वाटतं. पण सोसायटीचा हा खंड छापून निघाला १८०५ मध्ये, आणि वह्या सांगतात की हा निष्कर्ष १८०३ चा आहे. वाचून झालेल्या निबंधात छपाईआधी भर घातली गेली, वाचनाची तारीख मात्र जुनीच राहिली. पाण्यातल्या वायूंवरचा निबंधही तसाच: वाचला २१ ऑक्टोबर १८०३ ला, छापला १८०५ मध्ये, आणि शेवटी जोडलेल्या तक्त्यातले आकडे वहीतल्या पहिल्या तक्त्याशी जुळत नाहीत. या तक्त्याआधी डाल्टन लिहितो की माझ्या माहितीप्रमाणे हा विषय अगदी नवा आहे, मला त्यात चांगलं यश येतंय, पण त्याचं तत्त्व इथे सांगता येणार नाही, फक्त निष्कर्ष देतो. रसायनशास्त्रातला एवढा मोठा तक्ता असा शेपटासारखा जोडून आला.

त्या ३६ आणि ७२ या आकड्यांवर पुष्कळांनी शंका घेतली. आकडे हवे तसे जुळवले असावेत असंही म्हटलं गेलं. २००८ मध्ये मेल्विन उसेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाल्टनच्या पद्धतीने प्रयोग पुन्हा केले आणि असे आकडे खरोखर मिळू शकतात हे दाखवलं. कागदावर भांडत बसण्यापेक्षा नळी हातात घेऊन पाहणं मला केव्हाही जास्त आवडतं, म्हणून हा निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देत असे.

आता जळालेल्या कागदांबद्दल. डिसेंबर १९४० मध्ये, नाताळच्या तोंडावर, लागोपाठ दोन रात्री मँचेस्टरवर बाँबहल्ला झाला. जॉर्ज स्ट्रीटवरची सोसायटीची इमारत त्यात गेली आणि डाल्टनचे कागद तिच्याबरोबर गेले. त्यातून वाचलेले काही करपलेले कागद आज मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहेत. पण ६ सप्टेंबर १८०३ चं पान आपण वाचतो ते रॉस्को आणि हार्डन यांच्या छापील प्रतीतून. चव्वेचाळीस वर्षं आधी त्या दोघांनी ते काम केलं नसतं, तर आपण आजही थॉमसनचीच गोष्ट शिकवत असतो.

इथे थोडं विषयांतर करतो. मी जिथे बरीच वर्षं शिकवलं त्या महाविद्यालयात जुन्या प्रयोगवह्यांची दोन कपाटं होती. त्यांत स्वातंत्र्याआधीच्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या वह्या होत्या, शाईने लिहिलेल्या, मार्जिनमध्ये तापमानाच्या नोंदी असलेल्या. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जागा हवी म्हणून त्या रद्दीत गेल्या. मी गावी होतो. परत आलो तेव्हा कपाटं रंगवून झाली होती. त्यात कोणी डाल्टन नसेलही. पण आमच्या भागात तेव्हा रसायनशास्त्र प्रत्यक्षात कसं शिकवलं जाई याचा तो एकमेव पुरावा होता, आणि त्याची एका पानाचीही प्रत कोणी, म्हणजे मीसुद्धा, करून ठेवली नव्हती. रॉस्को आणि हार्डन यांच्याबद्दल मला एवढी कृतज्ञता का वाटते ते यावरून कळेल.

तरी त्यांच्या प्रतीची मर्यादा विसरू नका. त्यांनी निवडक उतारे छापले, अणुसिद्धांताच्या उगमाशी संबंधित वाटले तेवढे. जे त्यांना बिनमहत्त्वाचं वाटलं ते बहुतेक कायमचं गेलं. म्हणून ‘डाल्टनच्या वहीत अमुक कुठेच नाही’ असं विधान कोणी केलं तर त्याचा अर्थ ‘छापलेल्या उताऱ्यांत नाही’ एवढाच घ्यायचा. रॉस्को आणि हार्डन यांनी मूळ वह्या पाहून केलेलं विधान वेगळं, त्यांचं पुस्तक वाचून आपण केलेलं वेगळं.

डाल्टनचा एक ऐवज मात्र कागदाचा नसल्यामुळे उरला. तो रंगांध होता, आणि मँचेस्टरच्या सोसायटीत १७९४ मध्ये त्याने वाचलेला पहिला निबंध आपल्याच दृष्टीवर होता. दिवसा निळं दिसणारं जिरेनियमचं फूल मेणबत्तीच्या उजेडात त्याला एकदम लाल दिसलं, आणि भाऊ सोडून बाकी कोणालाच हा बदल जाणवेना. तिथून त्याला शोध लागला. त्याचा तर्क होता की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार. तो तपासता यावा म्हणून मेल्यावर डोळे काढून पाहा असं त्याने सांगून ठेवलं होतं. डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी पाहिलं. द्रव स्वच्छ होता. डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की मध्यम तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या भागातल्या, प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्य त्याच्या डोळ्यात नव्हतं. दीडशे वर्षांनी त्याचा निबंध दुरुस्त झाला तो त्यानेच मागे ठेवलेल्या नमुन्यामुळे. फ्रेंचमध्ये रंगांधळेपणाला आजही त्याच्याच नावावरून पडलेला शब्द आहे.

वर्गासाठी काय करावं, हेही तुम्ही विचारलंय. १८०८ हे साल पाठ्यपुस्तकात असेल तर राहू द्या. ‘अ न्यू सिस्टिम ऑफ केमिकल फिलॉसॉफी’चा पहिला भाग त्या वर्षीचा आहे आणि गोलांची ती प्रसिद्ध चिन्हं बहुतेकांनी तिथेच पाहिली. त्याच्या शेजारी ६ सप्टेंबर १८०३ लिहा. दलदलीतला वायू गुणित प्रमाणाचं उदाहरण म्हणून जरूर घ्या, उगम म्हणून नको. रॉस्को आणि हार्डन यांचं १८९६ चं पुस्तक आणि सोसायटीचा १८०५ चा खंड दोन्हींचे हक्क संपले आहेत, त्यामुळे स्कॅन केलेल्या प्रती शोधल्यावर मिळतात. तो तक्ता मोठा करून छापा, भिंतीवर लावा, आणि फळ्यावर फक्त दोन ओळी लिहा: पाण्यात ८५ आणि १५, अमोनियात ८० आणि २०. ५.६६ आणि ४ मुलांना काढू द्या. मग नायट्रिक ऑक्साइडसमोर ९.६६ आणि नायट्रस ऑक्साइडसमोर १३.६६ का लिहिलंय ते त्यांनाच विचारा. एका तासात हे होतं. माझ्या वर्गात दरवर्षी पहिलं उत्तर मागच्या बाकावरून येत असे.